चालू गाडीची ओटी

ये गं पोरी, अशी जवळ बस. कागदावर का होईना, पण जवळ बस, आन् तो फोन आधी उपडा ठेव. परवा तूच विचारलंस, "मावशी, ताईचं नेमकं झालं तरी काय?" मी तोंड उघडते न उघडते तोच तुझ्या तिकडं दाराची बेल वाजली. "थांब हं मावशी, पार्सल आलंय," म्हणालीस. मी थांबले. चहा निवून गेला, म्हैस ओरडून गप झाली, मी आपली फोन कानाला धरून थांबलेली. असं विचारतात व्हय गं? एवढी मोठी गोष्ट विचारायची आन् पार्सलापायी सोडून द्यायची? तुझी आई असती तर तुझा कान पिळला असता. माझी बहीण गेली, म्हणून तिच्या वाटचा कान मी कागदावर पिळते.

मला लिहिता येतं ते तुला ठाऊक आहे. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. आमची पिठाची गिरणी होती, दळणाच्या डब्यांवर खडूनं नावं घालावी लागायची, त्यात अक्षरं शिकले. पुढं लेकीच्या पुस्तकातनं बाकीचं उचललं. शब्द इकडंतिकडं झाला तर सांभाळून घे, पण मधी उठू नको.

माझी लेक, तुझी ताई, पोलिसात आहे. 'आहे' लिहिताना हात अडखळतो बघ. दसऱ्यापासून तिला घरी बसवलंय. चौकशी लागलीय. चौकशी उलटी गेली तर वर्दी कायमची उतरेल. आन् पोरी, त्यात तिची चूक नखाएवढी. बाकी सगळी माझी. हे मी ओरडून सांगायला तयार आहे, तर ऐकून घ्यायला कुणी तयार नाही. ठाण्यात नाही आन् घरात तर नाहीच.

सुरुवातीपासून सांगते. चैत्रात तिच्या ठाण्याला वरनं एक गाडी आली. गाडी म्हणजे कशी? दोन चाकं, पण सायकलीसारखी पुढंमागं नाहीत, शेजारी शेजारी. मधी पाय ठेवायला एक फळी, आन् समोर छातीपर्यंत दांडा. बसायला काही नाही. विजेवर चालती, आवाज म्हणशील तर डासाएवढा. माणूस फळीवर उभा राहिला की ती आपला तोल आपणच धरती. बाजारात, जत्रेत गर्दीवर नजर ठेवायला म्हणून दिलेली. ठाण्यातले जाडजूड गडी एकेक करून चढले आन् एकेक करून उतरले. साहेब म्हणाले, हिला द्या, ही हलकी आहे. मंग माझ्या लेकीला तीन दिवस शिकायला पाठवलं. पहिल्या दिवशी पडली, हनुवटीला टाके पडले. तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली ती जन्मल्यापासून तिच्यावरच उभी असल्यासारखी.

मी मुद्दाम बाजाराच्या दिवशी बघायला गेले. आमचं गाव बेंबळीच्या पुढं, तिथनं तालुक्याचा बाजार म्हणजे एसटीनं तासाची वाट. पोरी, काय दिसत होती! खाकी वर्दी, पाठ ताठ, आन् लोकांच्या डोक्यांवरनं अलगद चाललेली. मिरच्या विकणारी एक म्हातारी मला ऐकू येईल अशी म्हणाली, "काय गं बाई, सरकारनं बसायला जागा दिली न्हाय व्हय?"

लेकीनं ऐकलं. म्हणाली, "बसलं की झोप लागती आजी, म्हणून उभं केलंय."

"पडशील गं!"

"पडून झालं. आता दुसऱ्याला पाडायची पाळी."

सगळा बाजार हसला, मी पण हसले.

त्या दिवशी तिनं मला सगळं समजावून सांगितलं होतं. म्हणजे 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणायची पण सोय नाही. म्हणाली, "आई, हिला डोळं न्हाईत, कान न्हाईत. हिला फक्त वजन कळतं. फळीवर वजन पडलं की हिला वाटतं माणूस चढला. दांडा पुढं झुकला की पुढं पळती, मागं झुकला की थांबती." मी मान डोलवली. पण मान डोलवणं आन् डोक्यात शिरणं ह्यात किती अंतर असतं, ते मला ह्या वयात कळलं.

आणखी एक गंमत सांगते, गंमत म्हणजे तेव्हा गंमत वाटलेली. वैशाखात तालुक्याच्या गावात एक लग्नाची वरात निघाली. नवरदेव घोड्यावर नाही, अगदी असल्याच गाडीवर! कुठून भाड्यानं आणलेली, दांड्याला बाशिंगासारखी झालर लावलेली. हमरस्त्यावर वरात, मागं ट्रकांची रांग. लेकीनं अडवलं. दंड करायला यंत्र काढलं तर ते यंत्र गाडीचा नंबर मागतं, आन् ह्या गाडीला नंबरच नसतो. लायसन विचारावं तर ह्याला लायसन लागतं का नाही, ते कुणाला ठाऊक नाही. ठाण्यात फोन केला. तिकडनं उत्तर आलं, "घोड्याला काय लावता तेच लावा." शेवटी तिनं नवरदेवाला हात धरून खाली उतरवलं आन् मांडवापर्यंत चालवत नेलं. नवरी म्हणे खिडकीतनं बघत होती, पोलीस नवऱ्याला धरून आणतायत म्हणून रडायला लागली! लेक घरी येऊन सांगताना हसून हसून लोळली. मंग उठून बसली आन् म्हणाली, "आई, हसायची गोष्ट न्हाय पण. म्या रोज जी गाडी चालवते ना, तिचा कायदाच कुठं लिहिलेला न्हाय."

तेव्हा मी म्हणाले, "मंग बरंच की. मोडायला बी काय न्हाय." अशी मी शहाणी.

आता माझी चूक सांगते. त्यासाठी तुला आधी आमच्या गिरणीचं सांगायला पाहिजे. खंडेनवमीला सगळेच आपापल्या हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. पण आमच्यात गिरणीची पूजा चालू इंजनावर व्हायची. तुझ्या काकांचा हट्ट. बंद यंत्राला कुंकू लावणं म्हणजे झोपलेल्या माणसाला जेवायला वाढणं, असं म्हणायचे. पट्टा गरगर फिरतोय, जातं घरघरतंय, पीठ उडतंय, आन् मी लांबनं हळदी-कुंकू टाकतेय, ते निम्मं माझ्याच तोंडावर. जन्मभर तसंच केलं. ते गेले, इंजन विकलं. तेव्हापासून खंडेनवमीला माझ्यापुढं विळी आन् सुरी. विळीपुढं बसून नारळ फोडताना किती ओकंबोकं वाटतं ते तुला काय सांगू. म्हणून जेव्हा लेकीच्या हाती एक चालतं यंत्र आलं, तेव्हा माझ्या मनानं उचल खाल्ली. घरात पुन्हा एक फिरतं चाक आलं, त्याची पूजा माझ्या हातनं झाली पाहिजे.

ह्या खंडेनवमीला मी पहाटे पुरण शिजत घातलं. सगळ्या ठाण्याला पुरतील एवढ्या पोळ्या लाटल्या. मोठा पितळी डबा गच्च भरला. एका पिशवीत पाच नारळ, खण, हळकुंड, सुपारी आन् आमच्या रानातले गहू. डबा कमरेवर, पिशवी हातात, अशी दुपारी ठाण्यात पोचले.

साहेबांच्या हातनं सकाळीच पूजा झालेली. बंदुका, काठ्या चादरीवर मांडलेल्या. जीपला हार. आन् ही उभी गाडी वऱ्हांड्यात, उताराच्या तोंडाशी, खांबाला टेकून ठेवलेली. एक फूल नाही तिच्यावर. लेक नुकतीच बाजारातनं फेरी मारून आलेली, घाम पुसत होती.

मी म्हणाले, "हिला का गं सोडलं?"

"आई, ही हत्यारात बी येत न्हाय आन् गाडीत बी येत न्हाय. पूजेच्या यादीत कुठं घालायची?" असं म्हणून हसली आन् किल्ली काढायला वाकली.

मी तिचा हात धरला. "काढू नको. चालू राहू दे. बंद गाडीची पूजा करायची न्हाय."

"आई, उतरलं की किल्ली काढायची, असा नियम हाय."

"कुठं लिहिलाय?"

"लिहिलेला न्हाय. शिकवताना सांगितलाय."

"मंग दोन मिनिटांत काय आभाळ कोसळतंय? तुझे बाबा असते तर म्हणाले असते का काढ म्हणून?"

बाबांचं नाव काढलं की तिचं काही चालत नाही. मी ते जाणूनच काढलं. तिनं हात मागं घेतला. तेवढ्यात आतनं साहेबांनी हाक मारली. ती जाता जाता म्हणाली, "आलेच म्या. तवर हात लावू नको हं."

पोरी, मी हात लावला.

मला वाटलं, ती येईपर्यंत तयारी करून ठेवू. बाईच्या जातीची वस्तू, तिची ओटी भरायची, पण भरायची कुठं? हिला ना टप, ना सीट. मंग पाय ठेवायच्या फळीवर खण अंथरला, गहू घातले, एक नारळ ठेवला. पोळ्यांचा डबा खाली ठेवला तर कुत्रं शिवेल म्हणून तो पण फळीवरच, ओटीच्या शेजारी. आन् हात मोकळे पाहिजेत म्हणून नारळांची पिशवी दांड्याला अडकवली, पुढच्या बाजूला. मंग वाकले, दोन्ही तळवे फळीवर टेकवले आन् डोकं ठेवलं.

हिला फक्त वजन कळतं.

माझ्या हाताखालनं फळी सरकली. मला वाटलं मला चक्कर आली. डोकं वर केलं तर गाडी उताराच्या मधी, डबा, खण, नारळ सगळं घेऊन चाललेली, पिशवीच्या ओझ्यानं दांडा पुढं झुकलेला, आन् जसा झुकेल तशी पळती. आवाज नाही काही नाही. मी ओरडले का? आठवत नाही. फाटकात एक झेंडूचे हार विकणारी बाई बसलेली, माझ्याच वयाची. तिनं वर पाहिलं, उठायला गेली, अर्धवट उठली. बसलेली राहती तर कदाचित टोपलीवर निभावलं असतं. गाडी तिच्या कमरेत बसली आन् ती कडेला पडली, आन् गाडी तिच्यावर.

लेक धावत आली. आधी गाडी उचलली. बाईची मान मांडीवर घेतली, कुणाला तरी रिक्षा आणायला पळवलं. मंग तिचं लक्ष खाली गेलं. धुळीत खण, गहू, फुटका नारळ. तिनं माझ्याकडं पाहिलं. एका श्वासात तिचं ठरलं बघ. खण उचलून मुठीत कोंबला, माझ्याजवळ आली आन् दातांतल्या दातांत म्हणाली, "आई, तू इथं नव्हतीस. एसटी धर. जा."

आन् मी गेले. हे लिहायला लाज वाटते, पण लपवलं तर ह्या कागदाचा उपयोग काय? ती बाई कण्हत होती, माझी लेक गुडघ्यावर बसलेली होती, आन् मी पदर तोंडाला लावून स्टँडकडं चालत गेले. वाटेत पायाला चिकटलेले गहू झाडले.

त्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं. लेकीनं लिहून दिलं, 'डबा माझा, मीच गाडीवर ठेवला, गाडी चालू सोडून मी आत गेले, जवळ कुणी नव्हतं.' खाली सही. दुसऱ्या दिवशी दसरा होता आन् तिसऱ्या दिवशी तिला घरी बसवल्याचा कागद आला.

मी आठ दिवस तोंड दाबून बसले. मंग मला राहवेना. चार पानं भरून लिहिलं, झालं तसं, 'गाडीला मी हात लावला, मी ओटी भरली' असं. लेकीला न सांगता ठाण्यात गेले. तिथं एक जुने हवालदार आहेत, लेकीला पोरीसारखं मानतात. त्यांनी चारही पानं नीट वाचली, घडी घातली आन् माझ्या हातात परत दिली.

"मावशी, हे म्या पाह्यलंच न्हाय."

"अहो घ्या की. खरं हाय."

"खरं हाय म्हणूनच. हे घेतलं तर ताईचा जबाब खोटा ठरतो. चुकीची माफी मिळती, खोट्याची मिळत न्हाय. आन् तुमच्यावर वेगळा गुन्हा. एकीला सोडवायला आलात, दोघी अडकाल."

मी तिथंच बाकावर बसले. त्यांनी पाणी दिलं आन् हळू आवाजात सगळं उलगडून सांगितलं. फूलवालीच्या जावयानं तक्रार दिलीय. पण गुन्हा कोणता लावायचा ह्यावर गाडं अडलंय. ही गाडी आहे का वस्तू, हेच ठरत नाही. नंबर नाही, विमा नाही, रस्त्याच्या कायद्यात तिचं नाव नाही. गाडी ठरली तर ती जिच्या ताब्यात होती ती दोषी, म्हणजे माझी लेक. नुसती वस्तू ठरली तर जिच्या हातानं ती सुटली ती दोषी, म्हणजे मी. "विचारलंय वर," म्हणाले, "कागद गेलाय. उत्तर न्हाय. तवर खात्याची चौकशी थांबत न्हाय, ती ताईवर चाललीच हाय. साहेब एकच विचारणार, किल्ली का काढली न्हाय? आन् ह्या बयेकडं त्याचं उत्तर न्हाय."

"उत्तर म्या हाय की!"

"तुम्ही सांगून चालत न्हाय, मावशी. तिनं सांगायला पायजे. तिनं स्वतः होऊन लिहून द्यावं की आईला वाचवायला घाईत चुकीचं लिहिलं, खरं असं असं हाय. चौकशीच्या आधी दिलं तर ऐकून घेतील. पगारवाढ थांबवतील, बदली करतील, पण वर्दी राहील. चौकशीत उघडं पडलं तर मंग कुणाच्या हातात काय न्हाय."

उठताना माझी नजर भिंतीवर गेली. नवा कागद चिकटवलेला. 'स्वयंतोल वाहनावर हार, नारळ, पिशवी अथवा कोणतीही वस्तू ठेवू नये. चालू स्थितीत पूजा करू नये.' मी दोनदा वाचलं. ज्या गाडीला कायदा नव्हता तिला पहिला कायदा माझ्यामुळं मिळाला. हवालदार बघत होते. म्हणाले, "वाचू नका मावशी, चला, एसटीत बसवून देतो."

फूलवालीला भेटल्याशिवाय माझा घास उतरत नव्हता. ती आता तिच्या लेकीकडं मुरूमला असती. मी दोन एसट्या बदलून गेले. तिची लेक तिला 'अव्वा' म्हणती, तिकडं कर्नाटकाच्या शिवेवर तसंच बोलतात. अव्वा खाटेवर, पाय वाळूच्या पिशव्यांत धरलेला. मला बघितलं आन् लगेच ओळखलं.

"या बाई. आज कुणाची ओटी भरायला निघालात?"

मी तिच्या पायाला हात लावायला गेले तर ओरडली, "तिथं नको! दुसरा पाय धरा, त्यो शाबूत हाय."

हसावं का रडावं कळेना. दोन्ही केलं. मी म्हणाले, "तुम्ही बघितलं होतं ना मला?"

"बघत होते तर! मनात म्हणलं, ही बाई लोखंडाची ओटी भरती, घरी सुनेची भरती का न्हाय देव जाणे."

"मंग पोलिसांना का सांगितलं न्हाय?"

"म्या सांगितलं, मला काय दिसलं न्हाय, खाली मान घालून हार ओवत होते." मंग आवाज खाली आणला, जावई बाहेर होता. "तुमची लेक येण्याआधी मला त्या फाटकातनं रोज हाकलायचे. तिनं एकदा बी हाकललं न्हाय. उलट उन्हात म्हणायची, मावशी, सावलीत सरका. तिनं लिहिलंय जवळ कुणी नव्हतं, तर म्या तिला खोटी पाडू व्हय? आन् तुमचं नाव घेऊन माझं हाड जुळतंय का?"

"पण तिची नोकरी जाती हो."

तिनं दाराबाहेर जावयाकडं एकदा पाहिलं. मंग म्हणाली, "तिनं खरं लिहू द्या. मला विचारायला आले तर व्हय म्हणीन. जावयाची समजूत म्या घालते. पण आधी तिनं."

निघताना तिनं उशाखालचा एक कागद दाखवला, तिच्या स्वतःच्या अपघात विम्याचा अर्ज. पहिलीच ओळ होती, वाहनाचा नंबर. तिथं तिच्या लेकीनं पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारलेली. माझ्या हातनं ह्या बाईचा पाय गेला, आन् तिला एक नंबर पण मिळेना. ती पुन्हा चालेल का, डॉक्टर सांगत नाहीत. वर तीच मला म्हणती, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका.

घरी येऊन मी लेकीपुढं बसले. गिरणीची खोली रिकामीच असती, ती दिवसभर तिथंच बसती. मी सगळं सांगितलं. हवालदार काय म्हणाले, फूलवाली काय म्हणाली. कोरा कागद आन् पेन पुढं ठेवलं. "लिही बाई. दोन ओळी. आईनं किल्ली काढू दिली न्हाय, बस्स."

तिनं कागद मागं सारला. "तुझ्यावर गुन्हा दाखल होईल."

"होऊ दे की. माझं काय जातंय? माझी कुठं वर्दी हाय?"

"तारखांना कोण जाणार? तुला दोन पायऱ्या चढवत न्हाईत. वर्षं लागतील, आई. मेलीस तरी तारीख चालू राहील."

"मंग तुझी नोकरी?"

तेव्हा जे बोलली ते मला अजून चावतंय. म्हणाली, "तू आई. तू सांगणारच. ऐकायचं का न्हाय ते माझं काम होतं. किल्ली माझ्या ताब्यात होती, तुझ्या न्हाय. त्यांनी विचारलं का काढली न्हाय, तर म्या म्हणीन, काढली न्हाय. पुढं काय न्हाय."

मी तिच्या पाया पडले, पोरी. खरंच पडले. तिनं मला उचलून भिंतीला टेकवून बसवलं आन् बाहेर निघून गेली. त्या दिवसापासून 'जेवतेस का', 'गोळी घेतलीस का', ह्यापलीकडं माझ्याशी शब्द नाही. रागावली असं पण दिसत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. आपलं ठरवून टाकल्यासारखी शांत आहे, आन् त्या शांततेचं मला भ्या वाटतं. रोज सकाळी वर्दीला इस्त्री करती, हँगरला लावती, दुपारी पुन्हा काढून घडी घालती. मी दाराआडनं बघते. काही म्हणायला जावं तर जीभ उचलत नाही, कारण मी काहीतरी म्हणाले म्हणूनच हे झालं.

आता तुझं काम सांगते. तू आन् ती भरतीच्या आधी सहा महिने बेंबळीच्या रस्त्याला पहाटे धावायचात. तुझी उंची बोटभर कमी पडली, तिची निवड झाली, आन् ती निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आधी तुझ्याकडं आली, माझ्याकडं नाही. तेव्हा मला लागलं होतं, आता तेच आठवून धीर धरते. ती तुझ्यापुढं रडती. माझ्यापुढं तिला पोलीस व्हावं लागतं. तू तिला विचार, आईला वाचवलंस, पण त्या आईनं रोज सकाळी ती इस्त्री बघत जगायचं कसं? कोर्टाच्या पायऱ्या मी बसून बसून चढेन, म्हणावं. मला दोषी होऊ दे, तेवढं एक तरी माझ्या वाट्याला येऊ दे, म्हणावं. हे मी म्हणाले तर ती उठून जाती. तू म्हणालीस तर बसेल.

चौकशी अमावस्येनंतरच्या सोमवारी आहे. त्याच्या आधी तो कागद लिहून हवालदारांच्या हातात पडला पाहिजे. येडशीपर्यंत रेल्वेनं ये, उतरलीस की फोन कर, गावातली जीप न्यायला धाडते. सामान कमी आण, पण चार दिवस काढून ये, उभ्या उभ्या येऊ नको. तुझी ताई तुला बघून विचारील, कशी काय आलीस, तर म्हण, मावशीनं बोलावलं. खोटं काही सांगू नको, आमच्या घरात ते आता पुरे झालं. लवकर ये गं बाई. सोमवारच्या आधी ये.